लाईट घालवायच्या आधी वर येऊन सांगणाऱ्या दादांना

दादा,

फोनवर मी आभार मानायला लागले तर तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात. माझं तेवढ्याने भागलेलं नाही, म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

आमची आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेच्या मशीनवर असते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, वळवाच्या पावसात तर कधीही जाते. त्यासाठीच सोसायटीत जनरेटर आहे. पण गेले काही महिने तो सुरू व्हायचा, लोड घ्यायचा आणि चार-पाच मिनिटांत पॅनलवर 'लो ऑइल प्रेशर' दाखवून बंद पडायचा. कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजायला लागला की आई आधी माझ्याकडे बघायची, मग कोपऱ्यातल्या छोट्या सिलिंडरकडे. त्या बघण्याने माझ्या पोटात गोळा यायचा.

तुमच्या आधी जनरेटर दुरुस्तीला आलेल्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एकाने सेन्सर बदलला, बिल हातात ठेवलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्याने ऑइल पंप गेलाय, इंजिन खोलावं लागेल म्हणत लाखाच्या घरातलं कोटेशन दिलं. तिसऱ्याने वॉचमनला बाजूला घेऊन सांगितलं, सेन्सरची वायरच काढून ठेव, म्हणजे बंद पडायचा प्रश्न नाही. उद्या ऑइल खरोखर संपलं असतं तर इंजिन जाम होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता! आणि प्रेशर खरंच कमी आहे का, हे यातल्या एकानेही मोजून बघितलं नव्हतं. खडकीत किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी 1946 साली सुरू झाली. डिझेल इंजिन ज्या गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे, तिथे ही गत.

तुम्ही आधी ऑइलची पट्टी ओढून बघितलीत, मग सेन्सरच्या जागी साधं काट्याचं गेज लावून इंजिन चालवलंत. काटा चार किलोवर, म्हणजे प्रेशर व्यवस्थित. "इंजिनाला काही झालेलं नाही ताई, निरोप चुकीचा जातोय," एवढंच म्हणालात आणि टॉर्च घेऊन सेन्सरची वायर बोटांनी चाचपत निघालात. एका क्लॅम्पखाली तिचं कव्हर घासून तांबं उघडं पडलं होतं. ते तुम्ही मला वाकून बघायला लावलंत. प्रेशर पडलं की हा सेन्सर ती वायर इंजिनाच्या लोखंडी बॉडीला जोडतो आणि पॅनल इंजिन बंद करतं. इथे लिफ्टचा लोड आला की इंजिन हादरायचं, उघडं तांबं क्लॅम्पला टेकायचं आणि पॅनलला वाटायचं, गेलं प्रेशर. इतक्या सोप्या शब्दांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण हे पत्र त्या वायरीसाठी नाही.

वायर बदलून झाल्यावर मेन बंद करून जनरेटर लोडवर बघायचा होता. आधीच्यांनी अशा वेळी सरळ मेन पाडला होता. तुम्ही खटक्यावर हात ठेवायच्या आधी वॉचमनला विचारलंत, "वर कुणी मशीनवर आहे का?" आणि आमचं घर कळल्यावर जिने चढून वर आलात. चपला बाहेर काढल्यात. हाताला ऑइल होतं म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरून आईच्या पलंगापासून जरा लांब उभे राहिलात. "आजी, मी खाली लाईट घालवणार आहे. थोडा वेळ जाईल, मग जनरेटरवर येईल. मशीन ओरडेल, घाबरू नका. मी खालीच आहे." मला म्हणालात, सिलिंडर जोडून घ्या, झालं की फोन करा, मगच खटका पाडतो.

मी फोन केला. लाईट गेली, अलार्म वाजायला लागला. मी धावत आईजवळ गेले तर ती शांत पडून होती. म्हणाली, "अगं, सांगून गेलाय ना तो."

दादा, कामात हुशार माणसं पुण्याला नवीन नाहीत. पण आपल्या हातातल्या खटक्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे आधी विचारणारा माणूस मला या सगळ्या आजारपणात फार थोड्या ठिकाणी भेटला. दवाखान्यात, बँकेत, रांगेत, सगळीकडे आपलं काम उरकायची घाई. आईशी थेट बोलायचं सोडून तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात सगळे. तुम्ही तिच्याशी बोललात. हे तुमच्या घरूनच आलेलं असणार, तेव्हा तुमच्या आई-वडिलांना माझा नमस्कार सांगा.

त्यानंतर लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालू ठेवून तासभर थांबलात आणि पैसे घेतलेत ते फक्त वायरीचे आणि व्हिजिटचे. या गुरुवारी दुपारपर्यंत वीज नव्हती, पण जनरेटर एकदाही बंद पडला नाही.

पुढच्या वर्षीच्या एएमसीसाठी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारासाठी, कमिटीच्या मीटिंगमध्ये मी तुमचं नाव सुचवलंय. सेक्रेटरींचा फोन येईल. दर सांगताना संकोच करू नका, सगळ्या सोसायटीला कामाची किंमत कळलेली आहे. आणि गणपतीत आमच्याकडे जेवायला यायचंय, हा आईचा निरोप.

बी विंगमधल्या आजींची मुलगी