आप्पांचा बांबू

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

पुण्याला नीट पोचले. कळण्याची भाकरी आणि ठेचा मनमाडच्या आधीच संपला.

दफनविधीत पाळकसाहेब आप्पांबद्दल चांगलं बोलले. एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य, त्यातली चाळीसेक वर्षं मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चचे, वडील. पण मला सारखं वाटत होतं, हे त्यांच्या रविवारच्या कोटाबद्दल चाललंय. माझ्या डोळ्यांसमोर होते तापीत पँट दुमडून उभे असलेले आप्पा.

नदीत बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असला की आदल्या संध्याकाळी ते नदीचा तळ चाचपायला जायचे. चपला सांभाळायला मी. कुठं गाळ आहे, कुठं वाळू उपसल्याचा खड्डा, सगळं बांबूनं टोचून बघायचे. बांबूवर लोको शेडमधल्या लाल रंगाचा पट्टा, बरोबर कमरेइतका. "पाणी पट्ट्याखाली असलं तर माणूस पुरता बुडत नाही, वर गेलं तर पाळकच बुडतात!" हतनूर धरणातून पाणी सोडलं असलं की जागा बदलायची. थोडं पाणी शिंपडून नाही का भागत, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "ख्रिस्ताबरोबर पुरलं आणि उठवलं, हे दिसायला पाहिजे."

बाराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर मीही बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं, तेव्हा सभासदांच्या सभेत कुणाचीच हरकत नव्हती. हरकत घ्यायला उठले ते एकटे आप्पा. बाहेर येऊन मला अहिराणीत म्हणाले, "तुले काय घाई शे, पोरी?" सख्ख्या पुतणीला! पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. बाबा, तुम्हीही धुसफुसत होतात, आता कबूल करा. सतराव्या वर्षी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बांबू घेऊन निघाले.

मिशनरी विल्यम कॅरींचं नाव निघालं की मात्र थांबायचे नाहीत. १८११ साली श्रीरामपूरला (आपलं नगरकडचं नव्हे, बंगालातलं) मराठी नवा करार छापला, त्यात वैजनाथ पंडितांचा हात होता, हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी हटकून: "आणि मूळचा जोडे शिवणारा माणूस!" स्वतः लोको शेडमधले फिटर ना.

आई, गुडघ्याचं तेल संपलं की कळव. बाबा, बांबू त्यांच्या पलंगामागे भिंतीला टेकवलेला असायचा. आवराआवरीत कुणी कपडे वाळत घालायला नेण्याआधी आपल्या घरी आणून ठेवा. मी नाताळला येतेय.

तुमची,
बेबी