डाव्या बाजूला बस

नौपाडा, ठाणे
१४ ऑगस्ट

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

गुरुपौर्णिमेला पेटीची साथ करायला मी नाही म्हटलं, त्याचा राग तू अजून धरून आहेस असं वहिनींकडून कळलं. "मोठा झालाय तो, आमच्यात कशाला बसेल," असं म्हणालास म्हणे. लेका, कारण तेव्हाच सांगणार होतो, पण फोनवर तुझं निम्मं बोलणं मला कळतच नव्हतं. म्हणून पत्र.

मार्गशीर्षातली गोष्ट. जांभळी नाक्यावर भाजी घेत होतो. सकाळपासून उजव्या कानाला दडे बसलेले, आत शंख लावल्यासारखी घूं घूं. मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि अख्खा बाजार फिरायला लागला. उपासाने डोकं हलकं होतं ना, तसलं हे नव्हे. हातगाड्या, माणसं, वरच्या ताडपत्र्या सगळं एकाच दिशेने गरगरत होतं, आणि डोळे मिटले तरी थांबेना. फुटपाथवर बसलो, उलटी झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच लावून आलाय." शुद्ध शाबूत होती रे, शब्दन् शब्द ऐकू आला. तीन तासांनी उभा राहू शकलो आणि दुसऱ्या दिवशीही भिंत धरून चालत होतो.

आधी निदान झालं मानेच्या मणक्यांचं. दोन महिने गळ्यात पट्टा घालून हिंडलो. पट्ट्यासकट आणखी दोनदा चक्कर आली, तेव्हा बायकोने कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चक्कर टिकते किती वेळ?" कूस बदलली की काही सेकंद फिरतं, ते बहुतेक कानातले खडे जागचे हलल्याने, आणि मान ठरावीक पद्धतीने वळवून ते जागेवर आणता येतात. माझं तासन् तास चालायचं, वर कान जड, घूं घूं आणि कमी ऐकू येणं. त्यांनी ऐकण्याची तपासणी केली, कानाच्या नसेवर गाठ नाही ना म्हणून एमआरआय केला, आणि नाव सांगितलं: मेनियरचा आजार. मेनियर हे पॅरिसचे डॉक्टर, मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख. अशी चक्कर मेंदूतून नव्हे, कानातून येऊ शकते हे त्यांनी १८६१ साली मांडलं. तोवर अशा रोग्यांना मेंदूचेच रोगी समजत. माझी तक्रार मग पट्ट्यापुरतीच म्हणायची.

आत काय होतं ते ऐक. आतल्या कानात ऐकण्याची गोगलगाय, म्हणजे तशी गुंडाळलेली नळी, आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात, आणि एकच पाणी दोन्हीकडे खेळतं. हे पाणी साचून पातळ पडदे फुगतात. पडदा फाटून आतलं-बाहेरचं पाणी मिसळलं की चक्कर येते, असा एक तर्क आहे. पाणी मुळात का साचतं, ते अजून नक्की कुणालाच माहीत नाही.

आता तुझ्या कामाचं. ही गोगलगाय अडीच वेढ्यांची, तिच्या तोंडाशी तार म्हणजे वरचे स्वर आणि टोकाशी खर्ज म्हणजे खालचे स्वर ऐकू येतात. या आजारात बहुतेकदा खर्ज आधी जातो. घरी आल्यावर डाव्या कानात बोट घालून तुझा जुना डग्गा वाजवून पाहिला. सुध्या, घुमारा गायब! तबल्याची चाट मात्र टणकन वाजत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे पेटीवर काळी एकचा सा धरला तर उजव्या कानाला तो वेगळाच, थोडा बेसूर लागतो. एका स्वराचे दोन सा. अशा माणसाने साथ करायची? गाणाऱ्याला मी खड्ड्यात घातलं असतं. कधी आठवडाभर कान बरा होतो, आणि तेच जास्त फसवतं, कारण आपण लगेच पेटीचा भाता उघडून बसतो.

उपचार म्हणशील तर रोज बीटाहिस्टिनची गोळी, जिच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांतच एकमत नाही. मीठ कमी. फारच वाढलं तर कानाच्या पडद्याआड इंजेक्शन देतात, पण तोल बिघडवणारा भाग निकामी करणाऱ्या औषधाने उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं, म्हणून ते सध्या नको. स्कूटर विकली, घोडबंदर रोडवर चक्कर आली तर काय करू? लोकलच्या फलाटावर भिंतीला पाठ लावून उभा राहतो. मिसळ, फरसाण, पापड बंद. वहिनींनी पाठवलेली लोणच्याची बरणी बायकोने शेजारी देऊन टाकली, हे त्यांना सांगू नकोस.

चक्करीला लोक पाणी देतात, पंखा लावतात. ऐकू येत नाही म्हटलं की मात्र चिडतात, दुसऱ्यांदा विचारलं की "जाऊ दे" म्हणतात. तूही म्हणालास, मागच्या महिन्यात. कान दिसत नाही ना आतून, त्याला तू तरी काय करणार.

गणपतीत ये. डग्गा जरा चढवून आण, आणि माझ्या डाव्या बाजूला बस. पेटी दुसऱ्या कुणाला देऊ, मी टाळ धरतो. टाळाला सूर नसतो, असं तूच म्हणायचास.

तुझा,
विन्या