रवांडातील ओळखपत्राचा रकाना

संपादक महोदय,

रवांडातील १९९४ च्या नरसंहाराला ‘जुने टोळीयुद्ध’ म्हणणे चूक आहे. बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी या तिथल्या दोन समाजांची भाषा एकच, किन्यारवांडा. त्यांच्यातली रेघ पक्की केली ती १९३०च्या दशकात बेल्जियमने दिलेल्या ओळखपत्रांनी: हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिसरा, छोटा समाज), यांपैकी एक नोंद, मुलाला बापाची. १९६२ साली स्वातंत्र्य आले, रकाना तसाच राहिला. तो काढायचे सरकार आणि तुत्सीप्रधान बंडखोर यांच्यातल्या १९९३ च्या अरुशा शांतता करारात ठरले खरे, पण कार्डे बदललीच नाहीत. ६ एप्रिल १९९४ ला हुतू राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि हुतू अतिरेक्यांकडून रस्तोरस्ती नाके उभारून हीच कार्डे तपासली जाऊ लागली. ‘तुत्सी’ दिसले की कोयता. कार्ड नसले तरी संशय. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख बळी गेले. आणि संयुक्त राष्ट्रांनी ऐन एप्रिलात काय ठरवले? रवांडातली आपली अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचे!

— एक वाचक