शिल्पाला जागा लागते

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईतील एखाद्या शिल्पकारावर निबंध लिहायचा असून नाव सुचव, असे तू कळविले होतेस. हुसेन, रझा, सूझा या चित्रकारांच्या पिढीवर पुष्कळ लिहून झाले आहे. तू पिलू पोचखानवाला यांच्यावर लिहावेस, असे मला वाटते.

१९२३ साली जन्मलेल्या या पारशी बाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर होत्या आणि जाहिरात व्यवसायात काम करीत होत्या. १९५१ साली युरोपात शिल्पे पाहिल्यावर त्यांचे मन तिकडे वळले आणि परतल्यावर ना. ग. पानसरे यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. फोर्टमधील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवरची उत्थित (भिंतीतूनच उठाव दिलेली) शिल्पे ज्यांची, तेच हे पानसरे. (त्या इमारतीखालून आपण किती वेळा गेलो असू, वर मात्र कोणी पाहिले नाही!) गुरूंची रीत मात्र बाईंनी फार काळ धरून ठेवली नाही. लाकूड, दगड, शिसे हाताळता हाताळता त्या भंगारातल्या लोखंडाकडे आल्या आणि यंत्रांचे टाकाऊ भाग वेल्डिंगने जोडून शिल्पे घडवू लागल्या.

मग त्या मागे का पडल्या? स्त्री म्हणून उपेक्षा झालीच असेल, पण माझ्या मते शिल्पाचे दुखणे आणखी वेगळे आहे. चित्र दिवाणखान्यात टांगता येते, विकत घेणाराही त्यामुळे लवकर भेटतो. शिल्पाला जागा लागते आणि ती बहुधा दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते. हाजी अलीच्या चौकातील त्यांचे ‘स्पार्क’ पुढे तेथून हलविले गेले. १९११ सालच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात एके काळी मुष्टियुद्धाचे सामने आणि लग्नाचे स्वागतसमारंभ होत. तेथे कलादालन व्हावे म्हणून कलादालन चालविणारे केकू गांधी आणि पिलूबाई यांनी नेट लावला. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तेथे १९९६ साली सुरू झाले, तेव्हा बाईंना जाऊन दहा वर्षे लोटली होती.

‘स्त्री असूनही’ असा सूर निबंधात कृपया लावू नकोस. त्यांचे शिल्प जेथे पाहायला मिळेल तेथे त्याच्याभोवती फिरून वेल्डिंगचे सांधे नीट पाहा, कोठे घासून लपविले आहेत आणि कोठे मुद्दाम उघडे ठेवले आहेत ते टिपून घे, आणि लिहायला सुरुवात तेथूनच कर.

तुझी,
आई