बिडी ओढणाऱ्याला ‘अँटीऑक्सिडंट’ची गोळी देण्याआधी डबी वाचा

संपादक साहेब, नमस्कार.

आमचे आबा सत्तरीचे, चाळीसेक वर्षं झाली बिडी ओढताहेत, सांगून सांगून थकलो पण सुटत नाही. मागच्या महिन्यात गावात एक जण डब्या विकायला आला, म्हणे यात अँटीऑक्सिडंट, म्हणजे शरीराचं आतलं नुकसान आवरणारा पदार्थ, आहे, बिडीने फुप्फुसाचं जे वाटोळं होतं ते भरून निघतं. आईने लगेच पैसे मोजले. मी संध्याकाळी डबी फिरवून बघतो तर त्यात बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारा पदार्थ, त्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं! मला धसकाच बसला, कारण फिनलंडमध्ये यावर काय झालं ते मी वाचलेलं होतं.

फिनलंड म्हणजे पार उत्तरेला, हिवाळ्यात दिवस नावालाच, आणि जमिनीत सेलेनियम नावाचं खनिज इतकं कमी की सरकारने १९८४ मध्ये ते खतातच मिसळायचं ठरवलं. आता सेलेनियम कशाला, तर शरीरात जे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार होतात त्यांचं नुकसान आवरणारी एन्झाइम नावाची प्रथिनं असतात, एकाला सेलेनियम लागतं, दुसऱ्याला झिंक नि तांबं, शिवाय व्हिटॅमिन ई पेशीचं आवरण सांभाळतं. तंबाखूच्या धुराने हे नुकसान वाढतं, व्हिटॅमिन सी पण लवकर संपतं. मग तिथल्या डॉक्टरांनाही वाटलं की गोळी दिली तर कॅन्सर कमी होईल. सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष घेतले, वय ५० ते ६९, कोणाला व्हिटॅमिन ई, कोणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, कोणाला दोन्ही, कोणाला नुसतीच औषध नसलेली खोटी गोळी, असं पाच ते आठ वर्षं चाललं. १९९४ मध्ये निकाल आला तर बीटा कॅरोटीनवाल्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! व्हिटॅमिन ई ने पण तो कॅन्सर काही कमी झाला नाही. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, त्यात बीटा कॅरोटीनसोबत व्हिटॅमिन ए होतं, तो १९९६ मध्ये मुदतीआधीच बंद करावा लागला.

म्हणून कोणी गाजर, मेथी सोडू नका हो, फिनलंडच्या त्याच लोकांत जे जेवणातून बीटा कॅरोटीन जास्त खात होते त्यांना कॅन्सर कमीच दिसला होता. आपल्याकडे अंबाडी आहे, शेवग्याचा पाला आहे, शेंगदाण्याची चटणी तर रोजचीच. लिंबू मात्र भाजी उतरवल्यावर पिळा, उकळलं की व्हिटॅमिन सी जातं. आईला हे सगळं समजावलं तर ती म्हणे मग दुकानात विकतात कशाला, आणि याचं उत्तर मला देता आलं नाही.

डबी मी परत केली, पैसे नाही मिळाले. साहेब, आपला पेपर आमच्या चोपडा, यावल, रावेरकडे घरोघरी येतो. आरोग्याच्या पानावर फुप्फुसाच्या एखाद्या डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या, आणि बिडी सोडायला मदत कुठे मिळते ते पण छापा, आबांना मी ते कात्रण वाचून दाखवीन.

– एक वाचक, चोपडा तालुका