पाटाची तोंडं बुजवणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

आबांचा सीटी काल आला. पोटातल्या महाधमनीला आलेला फुगा ६६ मिलिमीटरवरून ६१ वर उतरलाय. रिपोर्ट पाठवताना तुम्हाला नुसतं ‘थँक्यू’ लिहिलं, आणि ते रात्रभर अपुरं वाटत राहिलं.

याच फुग्यासाठी चार वर्षांपूर्वी आबांच्या महाधमनीत जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे रक्ताला आतून नवी वाट देणारी नळी, बसवलं. सगळं सुरळीत झालं म्हणून आम्ही निर्धास्त झालो. दरवर्षीची तपासणी सांगितलेली असूनही एक वर्ष ऊसतोडीच्या गडबडीत राहून गेली. ती चूक आमची. पुढच्या खेपेला फुगा ५८ वरून ६६ झालेला. एका ठिकाणी सांगितलं, आता पोट उघडावं लागेल. आबांचं वय ७६, बायपास झालेली, फुप्फुसं अधू. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

तुम्ही मात्र सीटीचा पडदा आबांकडे वळवलात आणि माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोललात. “आबा, नवी पाइपलाइन शाबूत आहे. पण कडेचे जुने पाट उलटे वाहतायत. कण्याजवळच्या बारीक धमन्यांतून रक्त पुन्हा फुग्यात शिरतंय. याला एंडोलीक म्हणतात.” आबा लगेच म्हणाले, “मग पाटाची तोंडं बुजवा.” जन्मभर उसाला दारं धरलेला माणूस तो, त्याला आणखी काय समजवायचं?

आणि तुम्ही तेच केलंत. जांघेत सुईएवढं छिद्र, भूल तेवढ्याच जागेला. बारीक नळी ओटीपोटातल्या धमनीतून वळसे घेत थेट गळतीपर्यंत नेलीत, तिथे धातूच्या बारीक तारेची कॉइल आणि वैद्यकीय गोंद भरलात. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं होतं म्हणून आधी सलाइन लावलंत आणि धमन्या दिसाव्यात म्हणून सोडायचा डाय अगदी मोजून वापरलात. बाहेर मी घड्याळ बघत होतो. आत सिस्टर आबांचा हात धरून बसल्या होत्या, हे आबांनी नंतर सांगितलं. त्यांनाही नमस्कार कळवा.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते तुमचं खरं बोलणं. “पाझर दुसरीकडून पुन्हा फुटू शकतो, तपासणी आयुष्यभर चुकवायची नाही,” हे तुम्ही आधीच सांगितलंत. पुढच्या सीटीच्या तारखेला आबांनी कॅलेंडरवर स्वतः लाल गोल केलाय.

गुऱ्हाळ सुरू झालं की ते काकवी घेऊन येणार आहेत. तुम्हाला चालते ना, एवढं विचारायला सांगितलंय.

आपला कृतज्ञ,
आबांचा थोरला