वॉरन हेस्टिंग्जचा वाडा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचं डेल्सफर्ड, म्हणजे त्याचा वाडा नि जमीन, इथून खरंच जवळ आहे. ऑक्सफर्डहून रेल्वेने किंगहॅमला उतरायचं, पुढे थोडंच अंतर. वाडा खासगी मालकीचा, त्यामुळे आत शिरायचं नाव नको.

आपल्या मावळात हेस्टिंग्ज म्हणजे इंग्रजांनी मराठ्यांपुढे हरून केलेला वडगावचा तह धाब्यावर बसवणारा. इकडे त्याची गोष्ट जमिनीपासून सुरू होते. डेल्सफर्ड पिढ्यान्‌पिढ्या हेस्टिंग्जांचं. इंग्लंडच्या यादवीत राजाची बाजू घेऊन घराणं खचलं आणि १७१५ मध्ये जमीन विकली गेली. वॉरन १७३२ चा, शेजारच्या चर्चिल गावातला. आई जन्मानंतर लगेच गेली, बाप वेस्ट इंडिजला निघून गेला. वाढवलं आजोबांनी, आणि ते डेल्सफर्डचेच पाद्री! म्हणजे पूर्वजांची जमीन रोज डोळ्यांसमोर, पण दुसऱ्याच्या नावावर. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडल्या पडल्या त्याने ठरवलं म्हणे की ही परत घ्यायची. हे त्याने स्वतःच म्हातारपणी सांगितलेलं, तेव्हा थोडं तिखटमीठ लागलेलं असणारच.

घेतली मात्र खरी, १७८८ मध्ये, ५४,००० पौंडांना. त्याच वर्षी पार्लमेंटात त्याच्यावरचा महाभियोग उभा राहिला, तो १७९५ पर्यंत चालला. तिकडे पार्लमेंटात खासदार एडमंड बर्क आरोपांची सरबत्ती करतोय आणि इकडे कॉकरेल नावाच्या वास्तुरचनाकाराकडून वाडा बांधून घेणं चालूच! वर घुमट, आत टॉमस बँक्सने कोरलेली संगमरवरी शेकोटी, तिच्यावर हिंदुस्थानी आकृत्या. भूतानहून याक आणवला होता, तो जिवंत पोचला आणि जॉर्ज स्टब्जने त्याचं चित्रही काढलं. खटल्यातून सुटला तोवर पैशाने पार धुपला होता. शेवटी कंपनीनेच वर्षाला ४,००० पौंड तनखा आणि ५०,००० पौंड कर्ज देऊन त्याला सावरलं.

वाडवडिलांच्या जमिनीची ओढ मला कळते, आपल्या घरात ती कुणाला कळणार नाही? पण पैसा आला कुठून? काशीचा राजा चैतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्याकडून उकळलेल्या रकमा ही खटल्यातली मोठी कलमं होती. खटला चालवणाऱ्या लॉर्डांनी त्याला सोडलं, मी नाही सोडत.

१८१८ मध्ये तो तिथेच वारला. पेशवाईही त्याच वर्षी बुडाली. कबर गावच्या चर्चपाशी आहे. पुढे बायको, मग तिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा, आणि मग जमीन घराण्याबाहेर गेली. विसाव्या शतकात वर्तमानपत्रवाले लॉर्ड रॉदरमिअर, त्यांच्यानंतर बॅरन थायसन. आणि १९८८ पासून कोण, सांगा बघू? बॅमफर्ड. जेसीबीवाले! तळेगावजवळ आपल्या नवलाख उंबऱ्याच्या बाजूला ज्यांचा कारखाना आहे, तेच.

१७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज याच तळेगावापर्यंत आली होती. गाव आपल्याच लोकांनी जाळून मोकळं केलेलं, दाणागोटा नाही. रातोरात तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांपुढे शरण आली. तो तह कलकत्त्यात बसून ज्याने नाकारला आणि सेनापती गॉडार्डला पुढे पाठवलं, त्याच्या घरात आज राहणाऱ्यांची पिवळी यंत्रं तळेगावात बनतात. बाबा, हे कट्ट्यावर सांगाच.

आई, बॅमफर्डबाईंचं तिथे सेंद्रिय मालाचं मोठं दुकान आहे. भाजीचे भाव मी तुला कळवणार नाही, उगाच रक्तदाब वाढायचा.

बाबा, वडगावच्या इष्टुर फाकड्याच्या समाधीचा एक बरा फोटो काढून पाठवाल का? इथल्या एका मैत्रिणीला हेस्टिंग्ज तोंडपाठ आहे, पण हा इष्टुर फाकडा, म्हणजे त्याच स्वारीत कार्ल्याला पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, तिला माहीतच नाही. तिला दाखवायचाय. दादाला सांगा, गाडीवरून नेईल. तुम्ही एकटे चालत जाऊ नका.

तुमची,
मनू